तुझ्या जावयाची सकाळपाळी

माय, गेल्या महिन्यात आमच्या घरी बैठक झाली आणि तेव्हापासून मला कुठे धड बसवत नाही. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना, भाजी निवडताना, बस येईपर्यंत थांब्यावर उभं राहताना तूच समोर येतेस, आणि दर वेळी तुझ्याशी भांडावंसं वाटतं. माझ्या सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण समज शाबूत आहे. दवाखान्यातून त्यांना भंडाऱ्याला घरी आणलं, तेव्हा नागपूरहून माझे दीर आले आणि आता आईपाशी दिवसभर कोण राहणार हा विषय निघाला. दीर वाईट नाहीत. अगदी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, गैरसमज नका करू, पण साधा हिशोब आहे. ज्याचा पगार कमी त्यानं घरी राहावं. दादाची नोकरी पक्की आहे, तुमची कंत्राटी." तुझे जावई खिडकीबाहेर पाहत होते. मी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

हिशोब चुकीचा असता तर मी तिथल्या तिथे बोलले असते. तो बरोबर दिसत होता, म्हणूनच टोचला. आणि टोचला तो तुझ्यामुळे, कारण असाच हिशोब मी लहानपणी तुझ्या तोंडून ऐकला होता, फक्त तू तो उलट्या बाजूने मांडला होतास.

आपलं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आपण नव्या गावठाणात राहायला आलो, ते पहिलंच वर्ष. रस्ते रुंद आणि सरळ, पण सावलीला झाड नाही. बाबांच्या धानाच्या बांध्या पाण्याखाली, दुसरी शेती अजून घेतलेली नाही. ते ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या पाहत राहायचे. त्याच पावसाळ्यात आजी अंगणात पडली आणि बाजेला खिळली. तू मात्र बायांची टोळी घेऊन कोंढ्याकडे धानाच्या रोवणीला जायचीस. तुझ्या टोळीचा हात चालायचा तसा कोणाचा चालायचा नाही, शेतकरी घरी येऊन बोलावून जायचे. मला ती सकाळ अजून दिसते. तुम्हाला न्यायला गाडी आलेली आहे, तू लुगड्याचा काचा मारते आहेस, आणि बाबा ओट्यावरून विचारतात, "बुढीले कोण पाहीन?"

"तुमी," तू म्हणतेस.

"मी? पोरगी आहे ना घरी."

"पोरगी शाळेत जाते. माय तुमची आहे, अन् सध्या काम तुमच्याच हाताले नाही. माह्या हाताले आहे. रोवणी सरली का मी पाहीन."

तू रागावलेली नाहीस. भाकरी बांधून घेतेस आणि निघतेस. मी दप्तर घेऊन तुझ्या मागोमाग बाहेर पडते, कारण तिथे थांबले तर मलाच बसवतील अशी मला भीती वाटते. आज मी लॅबमध्ये सुई धरून चार पैसे मिळवते ते त्या सकाळमुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मग काय झालं ते तुलाही आठवत असेल. बाबांनी आजीचं लुगडं धुवायला नळावर बादली नेली, तर शेजारची काकू धावत आली. "भाऊजी, ठेवा ते. मी धुतो. माणसाचं काम आहे का हे?" दुसऱ्या दिवशी कोणी वांग्याची भाजी आणून दिली, कोणी वरणाचा गंज. पानठेल्यावर पुरुष त्यांना हसत होते, म्हणून ते तिकडे जायचे बंद झाले. पण बाया त्यांच्यावर दया करत होत्या. संध्याकाळी तू आलीस, दिवसभर चिखलात राहून तुझी बोटं पांढरी पडलेली, आणि चुलीजवळ ती झाकलेली भांडी पाहिलीस. "हे कोणं देलं?" बाबांनी सांगितलं. पाय धुता धुता तू म्हणालीस, "मी इतकी वर्सं करून राहिली, मले कधी कोणं वाटीभर वरण नाही देलं." आणि तीच भाजी मला वाढलीस. चांगली होती ती, तूही खाल्लीस.

पण आजीने घात केला. तिची जीभ कोरडी पडायला लागली, डोळे आत गेले. बाबा म्हणायचे, पाणी देतो तर तोंड फिरवते. त्यांना वाटलं, म्हातारी आता चालली. तुला एका नजरेत कळलं. लेकाने आपली घाण काढू नये म्हणून ती तू घरी येईपर्यंत पाणीच पीत नव्हती. तू तशीच, चिखलाच्या लुगड्यात, तिच्या बाजेजवळ खाली बसलीस.

"कायले असं करता?"

"तो माह्या पोटचा आहे," आजी म्हणाली. "लाज वाटते."

"मी पोटची नाही म्हणून माह्यासमोर लाज नाही?" तू विचारलंस. आजीने पदर तोंडावर ओढला. "ठीक आहे. तुमी त्याच्या हातचं पाणी पेत नाही तोवर मी बी पेत नाही. उद्या अशीच जातो बांधीत."

आणि खरोखरच तू न जेवता, न पिता झोपलीस. सकाळी गाडीचा हॉर्न वाजला, तू उठलीस, तोंडसुद्धा न धुता दाराकडे निघालीस. तेव्हा आजीने बाबांना हाक मारली आणि पेला मागितला. बाबांनी पेला इतका वाकडा धरला की अर्धं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. मग तू रांजणाजवळ जाऊन पाणी प्यायलीस आणि कामावर गेलीस. त्यानंतर आजी जाईपर्यंत तिचं सगळं बाबांनीच केलं. रोवणी सरल्यावरही त्यांनी तुला करू दिलं नाही, म्हणायचे, तुझा हात जड आहे.

इथपर्यंत गोष्ट चांगली आहे, माय, आणि मी ती माझ्या पोरीला अनेकदा सांगितली. पुढचं मी तिला सांगत नाही. तुझं स्वतःचं कमरेचं हाड मोडलं आणि तू बाजेवर पडलीस, तेव्हा बाबा बादली घेऊन तयार होते. म्हातारे झालेले, पण तयार. आणि तू तोंड फिरवलंस. मी भंडाऱ्याहून बसने पोचेपर्यंत तू कोरडीच असायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, "तुह्या बापाले कायले तरास?" बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "तुह्या मायनंच मले शिकवलं, अन् आता मलेच हात लावू देत नाही." ते इतके दुखावले होते की मला त्यांच्याकडे पाहवलं नाही. काहून गं? हेच भांडण आहे माझं. हाताला काम कोणाच्या आहे आणि कोणाच्या नाही, हे तू इतकं सरळ सांगू शकलीस. मग घ्यायची वेळ आली तेव्हा तो हिशोब कुठे गेला? की बाईने करायचं तेवढंच हिशोबात धरता येतं, बाईसाठी कोणी केलेलं नाही?

बैठकीचं सांगायचं राहिलं. मी कप विसळले आणि परत बाहेर आले. दिरांना म्हणाले, "भाऊजी, माझा पगार कमी का आहे, ते पण हिशोबात घ्या. पोरगी झाली तेव्हा मी घरी राहिले. मामंजी आजारी पडले तेव्हा मीच राहिले. दर वेळी हेच सांगितलं, की तुझा पगार कमी. दर वेळी घरी राहिले, म्हणून तो कमीच राहिला." तुझे जावई खिडकीकडून वळले. म्हणाले, "मी दुपारपाळी मागून घेतो शाळेत. सकाळ माझी. दुपारी एखादी बाई पाहू." दीर म्हणाले, "तुला जमेल का?" ते म्हणाले, "नाही जमत. पण हिलाही कुठे आधी जमत होतं?"

तर आता सकाळ त्यांची आहे. पहिले काही दिवस सासूबाईंच्या उशाशी भरलेला पेला तसाच दिसायचा. तिसऱ्यांदा दिसला तेव्हा मला कळलं. मी तुझ्या जावयांना बाजूला घेऊन आजीची गोष्ट सांगितली, तुझीही सांगितली. तुझ्यासारखा उपास धरायची हिंमत माझ्यात नाही, आणि ते मी करायचंही नव्हतं, आई त्यांची होती. ते आत गेले आणि आईला म्हणाले, "आई, मले येत नाही हे. तू सांगशील तसं करतो. पण पाणी पे."

आज रविवार आहे. त्यांची सकाळपाळी चालू आहे, मधलं दार लोटलेलं आहे. आतून सासूबाईंचा जड आवाज येतो, "आधी टॉवेल... खाली... असा नाही." मग बादली लागल्याचा आवाज, मग ते काहीतरी पुटपुटतात. ते चुकीच्या बाजूने उचलत आहेत, मला इथून कळतंय. चादर भिजली असणार. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तू गेल्यावर तुझा पत्ता तरी कुठला? आणि खरं सांगू का माय, आज मला तुझी आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही. हातात पेन असलं तर मी उठून आत जाणार नाही, एवढ्यासाठी बसले.