सायकल बाहेर लावायची

बाबा, काल तुमची सायकल पुन्हा खोलली. सीटची दांडी उपसून नळीत टॉर्च मारला, बोट घालून पाहिलं. गंज नाही. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात नाही, पेडलजवळच्या सांध्यात नाही, कुठेच नाही. इतक्या वर्षांनी तुमच्या सायकलला काही झालेलं नाही हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मी फडकं खाली ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे.

ही खाली वळलेल्या हँडलची शर्यतीची सायकल तुम्ही लग्नाआधी चालवायचात. मग ती कळव्याला काकाच्या माळ्यावर धूळ खात पडली. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, दिवाळीच्या सुट्टीत, तुम्ही ती डोंबिवलीला आणलीत आणि आपल्या चाळीच्या गॅलरीत तिचा दवाखाना उघडलात. "मुलगा असता तर त्याला बसवला असता, आता तूच बस," म्हणत माझ्या हातात पाना दिलात. मला राग आला, पण पाना मी सोडला नाही. चाकांतले छर्रे आईच्या पुरणाच्या ताटात रॉकेलमध्ये भिजत घातले. आईने ते ताट नंतर कधी स्वयंपाकघरात घेतलं नाही. मी घाईने जुन्या रंगावरच ब्रश फिरवायला निघाले, तेव्हा तुम्ही मनगट धरलंत. "आधी लोखंड दिसू दे. खाली काय चाललंय ते न बघता रंग लावायचा नाही." तुमचं ते ओरडणं मला फार लागलं होतं. आठ दिवस काचपेपर घासून आपण ती उघडी केली, निळी रंगवली, आणि तुम्ही तिच्यावरून कंपनीत जायला लागलात. तुमच्या कंपनीत कापडाचे रंग बनायचे. कोपऱ्यावर तुम्ही सीटवरून उठून पेडल मारायचात तेव्हा आई म्हणायची, "बघ, कॉलेजात निघालेत साहेब."

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपण ती पुन्हा खोलतोय. झेंडूची माळ घालायची तर सायकल आतून साफ हवी, हा तुमचा नियम. मी आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. चाकाच्या तारा बोटांना खरखरतात. रिमची चकाकी गेली आहे, तिच्यावर पांढरट पूड बसली आहे. निळा रंग फुगलाय, नखाने ढकलला की पापुद्रा निघतो आणि खाली लोखंडाला बारीक बारीक खड्डे. तेही एकाच अंगाला. "ही बाजू कुठे असते?" मी विचारते. "कंपनीत, आमच्या कामाच्या शेडकडे. भिंतीला टेकवून लावतो ना," तुम्ही सहज सांगता. आमच्या प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्यांचं कपाट होतं, त्याच्या बिजागऱ्या अशाच झालेल्या होत्या. ते उघडताना आम्ही मुली श्वास रोखून धरायचो.

मग तुम्ही फडक्यावर रॉकेल ओतता आणि ते नाकाशी नेता. "हे रॉकेलच आहे ना? का पाणी भरून ठेवलंय? वासच नाही." आई आतून म्हणते, "अहो, घरभर वास सुटलाय. डोकं उठलं माझं." तुम्ही हसता. "सर्दी झाली असेल." तुम्हाला सर्दी झालेली नव्हती. माझा हात काचपेपरवर थांबला. सायकल दिवसभर त्या शेडच्या बाहेर उभी असायची, आणि तुम्ही आत. मला भीती वाटली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बाबा, सायकल गेटच्या आत लावू नका. तिथली वाफ खातेय तिला. बाहेर लांब कुठेतरी लावा."

किती खूश झालात तुम्ही. "बघ गं, पोरीचं शिक्षण कामाला आलं," आईला हाक मारून सांगितलंत. दुसऱ्या दिवशी पूजा झाली, आणि सुट्टी संपल्यावर सायकल नाक्यावरच्या चहाच्या टपरीमागे लागायला लागली. तिथून कंपनीपर्यंत दहा मिनिटं तुम्ही चालत जायचात. पुढच्या खंडेनवमीला खोलली तर आतबाहेर स्वच्छ. आपण दोघांनी तिचं कौतुक केलं. चाक उचलून एक जिना चढताना तुम्ही मध्येच कठड्याला टेकलात आणि म्हणालात, "वय झालं." तुम्ही पन्नाशीलाही पोचला नव्हतात. त्याच्या पुढच्या वर्षी मी एकटीच खोलत होते. तुम्ही खुर्चीत बसून पाने देत होतात, आणि एकेक शब्दाआधी थांबत होतात. तरी सकाळ झाली की निघायचात.

एका दुपारी तुम्हाला कंपनीतून रिक्षात घालून आणलं. आठवडाभरात तुम्ही गेलात. डॉक्टरांनी दमा म्हटलं. तेराव्यानंतर मी टपरीवर सायकल आणायला गेले. टपरीवाले जवळच्याच गावातले म्हातारे आगरी, त्यांनी स्वतः दोरी सोडून दिली. म्हणाले, "तुजा बापूस रोज सकाली यायचा. सायकलीवर पिलास्टिक टाकायचा, सुतलीनं चारी बाजूंनी बांधायचा, मंगच आत जायचा. बोलायचा, पोरीनं सांगितलंय, कंपनीची हवा लागू द्यायची नाय." मी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आले. तिच्यावर बसवलं नाही.

तेव्हा मला काही कळत नव्हतं, असं मी आईला सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते. ते खरं नाही. त्या दिवशी दोन्ही वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती: सायकल तिथे लावू नका, आणि तुम्हीही तिथे जाऊ नका. माझी परीक्षा सहा महिन्यांवर होती. तुम्ही घरी बसला असतात तर मलाही कॉलेज सोडून कामाला लागावं लागलं असतं. मी सायकलचं वाक्य निवडलं, आणि तुम्ही ते शेवटपर्यंत पाळलंत.

हे पत्र गुंडाळून सीटच्या नळीत सरकवावं असं मघाशी वाटलं होतं. पण कागद ओल धरतो, आतून गंज चढेल, म्हणून ठेवलं नाही. बघा, अजूनही मी सायकललाच जपते आहे.