कागदावरचा लवू पाष्टे

३ नोव्हेंबर, सोमवार. कुवारबाव, रत्नागिरी

अखेर नोकरी लागली. हे वाक्य लिहिताना इतकं बरं वाटतंय की खाली आणखी एकदा लिहावंसं वाटतं.

ट्रेनिंगच्या सरांनी सांगितलं होतं, रोजची फेरी वहीत लिहीत जा, उद्या कुणी अनुभव विचारला तर चार पानं तरी दाखवता येतील. म्हणून ही वही. जड वाहनाचं लायसन हातात येऊन अडीच महिने झाले. त्याआधी ठाण्यात पाच वर्षं कुरिअरची व्हॅन चालवली, पण ट्रकवाले ती मोजत नाहीत. सात दारं फिरलो. लांज्यातला एक म्हणाला, दोन वर्षांचा अनुभव आण. मी म्हटलं, कुणी गाडीच दिली नाही तर अनुभव आणू कुठून? तो म्हणाला, ते तू बघ. मिरजोळ्यात एकाने ट्रायल घेतली. अरुंद फाटकातून गाडी मागं घ्यायला लावली, ती मी एका दमात घेतली. त्याने पाठ थोपटली आणि विम्याच्या एजंटाला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर त्याचा चेहरा पडला होता. नवख्याच्या हातून काही झालं तर क्लेम अडकतो म्हणे. चहा पाजून वाटेला लावलं.

बाळाशेठनी मात्र ट्रायलसुद्धा घेतली नाही. चिऱ्याची, म्हणजे बांधकामाच्या जांभ्या दगडाची, वाहतूक करतात. पन्नाशीचा, गोरा, हळू बोलणारा माणूस. घरी कोण कोण असतं, गावाकडचे लोक रत्नागिरीत येतात का, एवढंच विचारलं. मी सांगितलं, बायको ज्ञानेश्वरी आणि मुलगी गावाला असतात, आमचा गाव संगमेश्वरच्या आत डोंगरात, इथं ओळखीचं कुणी नाही. त्यांनी मान हलवली आणि गाडीची चावी समोर ठेवली.

आवारामागची खोली मिळाली आहे. खिडकीतून रातांब्याचं झाड दिसतं. ज्ञानेश्वरीला फोन केला तर तिने आधी देवापुढं साखर ठेवली, मग बोलली.

५ नोव्हेंबर, बुधवार

एक गोष्ट ज्ञानेश्वरीला सांगितलेली नाही. इथं लिहितो, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल.

शेठनी काल एक लायसन हातात दिलं. नाव लवू हरिश्चंद्र पाष्टे. फोटो पुसट, माझ्याच वयाचा कुणी. जड वाहनाचा अकरा वर्षांचा अनुभव, त्याच्या चुकीने एकही अपघात नाही. विम्याच्या कागदांवर गाडीचा ड्रायव्हर म्हणून त्याचंच नाव आहे. शेठ म्हणाले की लवू आता मुंबईला असतो, गाडी चालवत नाही. सहा महिने तू त्याच्या नावावर चालव, मग मी तुला तुझ्या नावाने अनुभवाचं पत्र देतो. सगळेच असं करतात. माझं खरं लायसन त्यांनी कपाटात ठेवून घेतलं. दोन लायसनं खिशात सापडली तर पंचाईत होईल म्हणून.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सात दारं आठवली.

आज पहिली फेरी. जाकादेवीजवळच्या खाणीतून चिरा भरला आणि बावनदीचा घाट उतरून देवरुखला टाकला. गाडी जुनी असली तरी इंजिन गोड आहे. उतारावर ती स्वतःच गिअर मागते, मी फक्त द्यायचा. खाणीवरच्या रजिस्टरात सही करताना हात अडला. मग केली. लवू पाष्टे. मुकादमाने वर बघितलंही नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

विमा कंपनीतून फोन आला. पॉलिसीचं वर्ष संपत आलंय, ड्रायव्हरची माहिती पडताळायची होती. शेठ समोर बसले होते. मला जन्मतारीख, पत्ता, लायसन नंबर पाठ करून ठेवायला सांगितलं होतं, ते सगळं नीट सांगितलं. शेवटी बाईने विचारलं, आईचं नाव?

ते शेठनी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं, तेही गडबडले. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, गोदूबाई.

बाईने बरोबर आहे म्हणून फोन ठेवला.

शेठनी मला विचारलं, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुठंतरी कागदावर वाचलं असेल. संध्याकाळी सगळे कागद पुन्हा चाळले. गोदूबाई हे नाव कुठंच नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी गाडी धूत होतो. एक म्हातारी फाटकातून आत आली. नऊवारी, हातात डबा. कुणाशी न बोलता थेट गाडीपाशी आली, ड्रायव्हरच्या बाजूच्या पायरीवर डबा ठेवला, सीटकडे बघून काहीतरी पुटपुटली आणि निघाली. मी विचारलं, आजी, कुणाला दिलात डबा? म्हणाली, लवूला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बोलतानाही तिची नजर माझ्या खांद्यावरून सीटवरच होती.

शेजारच्या गॅरेजात बाबल्या फिटर असतो, आमच्या गाड्यांचं काम तोच करतो. त्याला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, लवूची आई, गोदूबाय. दर मंगळवारी येते. मी म्हटलं, पोरगा मुंबईला असताना डबा इथं कशाला आणते? बाबल्या पाना पुसत म्हणाला, मुंबईला असतो असं कोण म्हणालं? आणि गाडीखाली शिरला.

डब्यात कुळथाची पिठी, भात आणि सुक्या बांगड्याचा तुकडा होता. खाल्ला नाही, केबिनमध्ये ठेवून दिला. दुपारी फेरी करून आलो, केबिनमध्ये डबा तसाच होता. उघडला तर रिकामा. मधे कुणी चढलं नव्हतं.

मुकादमाने खाल्ला असेल. खाणीवर मी दहा मिनिटं खाली उतरलो होतो. तोच असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्रेकचं काम निघालं. बाबल्याजवळ दोन तास बसलो आणि काही ऐकल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं.

त्याने सांगितलं ते असं. लवू आठ वर्षांपूर्वी मेला. याच गाडीत, बावनदीच्या घाटात, तिसऱ्या वळणावर. शेठनी गाडी दुरुस्त केली, पण लवूला कागदावर मरू दिलं नाही. असा निर्मळ रेकॉर्ड असलेला ड्रायव्हर पुन्हा कुठून मिळणार? लायसनची मुदत गेल्या वर्षीसुद्धा वाढवून आणली. त्याच्या नावावर नवशिके बसवले. ज्यांना कुणी गाडी देत नाही असे.

माझ्याआधी दोघे. दोघेही गेले. त्याच वळणावर.

मी म्हटलं, मग रेकॉर्ड निर्मळ कसा? बाबल्या म्हणाला, कागदावर अपघात म्हणजे दरड, गुरं आडवी आली, ड्रायव्हरचा दोष नाही. ड्रायव्हर लवू पाष्टे उडी मारून बचावला. मेला तो फुकटात बसलेला मजूर, नाव माहीत नाही.

म्हणजे शेठनी पोलिसांना खोटं सांगितलं, मी म्हटलं. मेलेल्याला कागदावर स्टेरिंगवरून उचलून डाव्या सीटवर टाकलं.

बाबल्याने मान हलवली. "ते खोटं नाय रे. दोघांना मीच बाहेर काढलं. दोघंही डाव्या सीटवरच होते."

२३ नोव्हेंबर, रविवार

गोदूबाईकडे जाऊन आलो. खेडशीच्या पुढे, सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, दोन खोल्यांचं चिऱ्याचं घर. सकाळचे अकरा. ओटीवर आमसुलं वाळत घातली होती. माझं खरं नाव सांगितलं, संदेश गोताड. तिने पाणी दिलं.

तिने सांगितलं, लवू गेला तेव्हा शेठ घरी आले. मृत्यूची नोंद करण्याची घाई करू नका, मी विम्याचं बघतो म्हणाले आणि कागद घेऊन गेले. तो दाखला आजवर आला नाही. दहाव्याला पिंड ठेवला, सूर्य कलला तरी कावळा शिवेना. नवस बोलून झाले, त्याच्या आवडीचं वाढून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भटजी तिला म्हणाले होते, याचं काहीतरी अडलंय.

मी म्हटलं, मी हे काम सोडतो, लवूचं लायसन तुम्हाला आणून देतो, दाखला काढू. ती पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

"तू रोज त्याच्या नावान सई करतंस, त्याच्या जागंवर बसतंस. मंग त्यान कुठं बसायचा, सांग?"

तिने डोळे पुसले नाहीत. निघताना म्हणाली, तुझ्या आधीचे दोघंही असेच येऊन गेले. दोघंही पाणी पिऊन गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेठना सरळ विचारलं. चिडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, बाबल्या पितो. मग शांतपणे समजावलं की सह्या तू केल्यास, फोनवर लवू म्हणून तू बोललास, ते रेकॉर्डिंग कंपनीकडे आहे. पोलिसांत गेलास तर पहिला आत तू. आणि लायसन जन्माचं जाईल, मग व्हॅनसुद्धा विसर.

मी म्हटलं, माझं लायसन द्या, मी जातो. म्हणाले, देतो, अनुभवाचं पत्रही देतो. शुक्रवारी देवरुखची एक भरलेली फेरी आहे, दुसरा ड्रायव्हर नाही, तेवढी कर.

एकच फेरी. यांना माझ्याकडून नेमकी हीच फेरी का हवी? पॉलिसी तीस तारखेला संपते, त्याआधी गाडी दरीत गेली तरच क्लेम मिळेल. उगाच तारखा जुळवतोय का मी?

ज्ञानेश्वरीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती रडली नाही. म्हणाली, लायसन गेलं खड्ड्यात, आत्ता एसटी पकडा. मी म्हटलं, मग पुन्हा सात दारं. तिने संगमेश्वरच्या गाडीची वेळ सांगितली.

तिचं ऐकावं.

२६ नोव्हेंबर

बॅग भरली होती. कपाटातून माझं लायसन काढून घेता येतंय का ते बघायला गेलो. कपाट उघडंच होतं. लायसन नाही. शेठ म्हणतात, तुझं कुठलं लायसन? मी तुझं काही ठेवलंच नाही.

खाणीवरचा मुकादम आवारात आला होता, त्याने फाटकातून हाक मारली, लवू. मी ओ दिली. लगेच दिली, विचार न करता.

२७ नोव्हेंबर

आज रजिस्टरात सही केली. मागची पानं, खाली ठेवलेली जुनी रजिस्टरं उलटून बघितली. माझ्या आधीच्या दोघांच्या सह्या, त्याआधीच्या लवूच्या. सगळ्या सारख्या. माझीही. 'ष'चा पोटातला तिरका फाटा तसाच. मी तसा कधीच काढत नाही. या वहीत वर बघितलं —

अठरा तारखेपासून तसाच आहे.

क्लच माझ्या पायाआधी दबतो. गाडी जुनी आहे. वायर सैल असेल. बाबल्याला दाखवणार होतो, तर त्याचं गॅरेज बंद. कालपासून बंद आहे म्हणतात.

काल लायसन ठेवलंच नाही म्हणणाऱ्या शेठनी, उद्याची फेरी केली की ते देतो, असं आज मुलीची शपथ घेऊन सांगितलं. शेठना मुलगी आहे का?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळचे दहा

घाटात थांबलोय. ब्रेकच्या हवेचा काटा खाली आला, ब्रेक धरेना. कसाबसा गिअरवर आवरली. उतरून चारी बाजूंच्या चाकांखाली चिरे लावले. मोठे. स्वतः ठोकून बसवले.

शेठना फोन केला. म्हणाले, मेकॅनिक पाठवतो, गाडी सोडू नको, आतच बस, गाडी सोडलीस तर विम्याला अडचण येते. पुढं काही विचारणार तर रेंज गेली.

हे तिसरं वळण.

ऊन छान आहे. खाली नदी दिसते. एक एसटी गेली, हात केला, थांबली नाही. मी उतरून वर चालत जाणार आहे. लायसन नको, पत्र नको. गाडी इथंच राहू दे. हे दोन शब्द लिहितो आणि —

मी डाव्या सीटवर बसलोय.

इकडे कधी आलो? चिरे लावून चढलो तो ड्रायव्हरच्या दाराने. स्टेरिंगवर बसलो. फोन लावला. मग —

त्या सीटचं रेक्झिन दबलंय. कुणी बसल्यावर दबतं तसं.

दाराचं हँडल फिरतंय, दार उघडत नाही. काच खाली येत नाही.

चिरा सरकल्याचा आवाज. एक. आता दुसरा.

ज्ञानेश्वरी, वही सापडली तर नीट ऐक. ते म्हणतील मजूर होता, नाव माहीत नाही. तू नाव सांग. संदेश. आणि पोलिसांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं, तर सांग, मी नव्हतो. मी डाव्या बाजूला आहे, हातात पेन आहे, माझा पाय कशावरच नाही. गाडी चालवतोय तो माझ्याकडे बघून आत्ता