भास्करच्या पाठीवरचं फडकं

॥ आई एकविरा प्रसन्न ॥
वेसावे कोळीवाडा, अंधेरी
ता. ३ नोव्हेंबर २०२५

चि. कल्पिता हिस,
टपालाच्या पिशवीत मावतील तेवढे सगळे आशीर्वाद आजीकडून. इकडे आम्ही खुशाल, तुझी खुशाली कळवत जा.

तू काढलेलं चित्रांचं पुस्तक मिळालं गो पोरी. पाकीट तुझ्या बापाने, धर्माने फोडलं, पण पहिलं पान मीच वाचलं, कुणाला हात लावू दिला नाही. साठी उलटल्यावर तू मला अक्षर शिकवलंस आणि दक्षिणा काय मागितलीस, तर फोनवर भागवायचं नाही, पत्र लिहायचं. तुझा बाप तेव्हा हसला होता. आता त्याच्याच आईचं वाचन ऐकायला बाजारात बाया थांबतात. हे तुझे उपकार. उपकार म्हटलं की तुला राग येतो, म्हणून एकदाच लिहिते.

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की मी मासळी विकायच्या माझ्या पाटावर बसून मोठ्याने वाचते. शेजारच्या पाटावरची शुभा सातवी शिकलेली आहे, पण तिला माझ्यासारखे आवाज काढता येत नाहीत. वादळाचा आवाज मी असा काढला की पलीकडची मांजर पळाली.

आता खरं सांग, तुझ्या त्या भास्करला झालंय काय? पहिल्या पानावर त्याची आई वादळात जाते. मी रडले, शुभा रडली, मासळीचा वाटा घ्यायला आलेली बाई तशीच उभी. बिचाऱ्या आईने समुद्राला काही दिलं नसेल, असं मी बायांना सांगितलं. मी लग्नात उजव्या हातातला चुडा समुद्राला दिला, हा हात जन्मभर मोकळा ठेवला, म्हणून तुझे आजोबा दर वेळी पाण्यावरून परत आले आणि आता ओट्यावर जाळं विणत बसून माझ्यावर ओरडतात. असो, कुठे होते मी? हां. चार पानं उलटली तर तीच आई त्याला भाकर वाढतेय! मग भास्कर उडत येतो आणि भास्करलाच ठोसा हाणतो. तिसरा भास्कर कंदील घेऊन बघत उभा. शुभाला म्हटलं, पोरीला हैदराबादचं पाणी बाधलं.

पुस्तक जरा मळकट छापलंय. धर्माने घरात दिवा पण स्वस्तातला आणलाय, उजेडच पडत नाही त्याचा. दारात उन्हाला बसून वाचते.

भास्करचं काय ते लवकर कळव, बाया रोज विचारतात. जेवत जा. माया आहे तेवढीच ठेव, कमी करू नको.
तुझी आजी,
सरूबाई


हैदराबाद
ता. ११ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
कल्पिताचा वाकून नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. मांजरीपाशी सगळे खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले.

आजी, मला पाणी बाधलेलं नाही. भास्कर तीन आहेत. बाबा लहान असल्यापासून ही गोष्ट छापली जातेय, त्यातला जुना भास्कर तुला माहीत आहे: दीपगृहावर काम करणारा, अंगावर वीज पडल्यापासून उडणारा. आता आमच्या पुस्तकांच्या कंपनीने ठरवलं की अशी आणखी जगं असतील तर? तेच बंदर, तीच वीज, तोच मुलगा. फक्त एक गोष्ट वेगळी घडली, तर माणूस किती वेगळा होईल?

पहिल्या जगात वीज पडते तेव्हा आई आधीच बुडालेली असते. तिला वाचवता आलं नाही म्हणून तो जन्मभर दुसऱ्यांना वाचवत फिरतो. घरी मात्र एकटा. दुसऱ्या जगात वीज आधी पडते, तो आईला वाचवतो, आणि त्याला वाटायला लागतं की आता समुद्रही आपलंच ऐकणार. तो बंदराचा राजा होऊन बसतो, त्याला विचारल्याशिवाय होडी सुटत नाही. तिसऱ्या जगात वीज पडतच नाही. तो नुसता दीपगृहाचा दिवा सांभाळतो, आणि आई त्याला लग्न कर म्हणून छळते.

तिघांचे चेहरे एकच आहेत, मुद्दाम. ओळखायचं पाठीवरच्या झुलीवरून. पहिल्याची निळी, राजाची हिरवी, आणि दिवेवाल्याच्या अंगावर साधा पिवळा रेनकोट. एवढं लक्षात ठेवलंस की गोष्ट सरळ आहे.

आणि आजी, मी त्यात तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. सापडलं का? तू काहीच लिहिलं नाहीस.

आजोबांना आणि बाबांना नमस्कार. तुझ्या पत्राची वाट बघणारी,
कल्पिता


॥ आई एकविरा प्रसन्न ॥
वेसावे
ता. २० नोव्हेंबर २०२५

चि. कल्पितास,
आजीचा हात तुझ्या डोक्यावर आहे असं समज आणि पुढे वाच.

समजलं गो, समजलं! तीन जगं, तीन भास्कर. बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं. लगेच भांडण सुरू, की जावई म्हणून कुठला बरा. शुभाचं म्हणणं पहिला, कारण नाव मोठं आणि सासू नाही. मी म्हटलं, अगं रात्री-बेरात्री दुसऱ्यांची घरं वाचवत फिरणार, तुझ्या पोरीने जेवणाचं ताट किती वेळा गरम करायचं? राजाला कुणीच मुलगी दिली नाही. कोळंबीवाली म्हणाली की नवऱ्याला विचारून होडी सोडायची तर मग बाप काय वाईट होता? सगळ्यात जास्त मतं दिवेवाल्याला पडली. तो घरी असतो आणि आईचं ऐकतो. उडता येत नाही ते एक बरंच, नजरेसमोर राहील.

पण तुझी एक लबाडी मी पकडली. निळी झूल, हिरवी झूल, पिवळा रेनकोट लिहितेस. कुठे आहेत? तिघांच्या पाठीवर एकच चहाच्या रंगाचं फडकं. कंपनीकडे रंग संपला होता तर तसं सांगायचं, मी रागावले नसते. शुभा म्हणते निळं आहे. पण मी दिवस म्हटलं की शुभा रात्र म्हणणार, हे तुला ठाऊक आहे.

हल्ली मासळीतही जान राहिली नाही. पापलेटाला चकाकी नाही, कल्ले उघडून बघावे तर सगळे सारखेच मातकट. परवा सात बंगला भागातली एक बाई सुरमई परत घेऊन आली, म्हणे कल्ले काळे पडलेत. एकविरेची शपथ घेऊन भांडले तिच्याशी. तेव्हापासून धर्माने धोशा लावलाय की आई, आता पाट सोड, घरी बस. माझ्या सासूचा पाट आहे तो! तिने मला हाताला धरून त्यावर बसवलं. घरी बसून काय तुझ्या आजोबांचा खोकला मोजू?

आणि तू ठेवलेलं काही सापडलं नाही. पुस्तक उलटं धरून झटकलं, त्यातून मीच ठेवलेली सुतळी पडली. टपालवाल्याने काढून घेतलं असेल काय? खायचं होतं का?

लोभ असू दे, आणि रंग जास्त वापरत जा.
आजी


हैदराबाद
ता. २६ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
नमस्कार. आज गमती नाहीत, राग मानू नकोस.

झूल निळी आहे आजी. बाबांच्या होडीइतकी निळी. तो रंग मी स्वतः भरलाय आणि तिघांना वेगळं ओळखायची ती एकच खूण आहे. तुझं पत्र वाचून आधी हसले, आणि मग हसूच येईना. बाबांना फोन केला. ते म्हणाले, तू चहा कपाच्या बाहेर ओततेस आणि पायरी पायाने चाचपतेस. ते तुला पाट सोड म्हणतात ते यासाठी. डोळ्यांचं तुझ्याजवळ काढायची त्यांना भीती वाटते.

तू डोळ्यांच्या दवाखान्याला का घाबरतेस, ते मलाही माहीत आहे. तुझ्या आईचा डोळा त्या शिबिरातल्या ऑपरेशननंतर गेला. तू तिला हाताला धरून बंदरावर न्यायचीस. पण त्याला पन्नास वर्षं झाली. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आजीचा मोतीबिंदू काढला, ती संध्याकाळी घरी येऊन टीव्ही बघायला मागत होती.

भास्करचं मी ठरवू शकते. एका जगात वीज पाडते, एकात पाडत नाही. तुझं मला ठरवता येत नाही. एका जगातली सरूबाई घाबरून पुस्तक माळ्यावर टाकते आणि पाट सोडते. दुसऱ्या जगातली दवाखान्यात जाते. दोघींचा चेहरा एकच आहे. मला दुसरी हवी आहे.

मी ठेवलंय ते पुस्तकातच आहे, कुणी काढलेलं नाही. ते तुला दिसलं नाही म्हणून तू गप्प होतीस, आणि मला वाटत होतं तुला आवडलं नाही. सांगणार मात्र नाही. तूच शोध.

मी रजा टाकून येते. उत्तर लवकर पाठव.
तुझी,
कल्पिता


वेसावे
ता. ९ डिसेंबर २०२५

चि. कल्पिता,
अनेक आशीर्वाद. मी धर्मा, तुझा बाबा. आईच्या डोळ्यावर पट्टी आहे म्हणून ती सांगते तसं लिहितो.

ती म्हणते, तुझं पत्र वाचून दोन रात्री झोप नाही लागली, तिसऱ्या दिवशी स्वतःच दवाखान्यात जायला चप्पल घालून दारात उभी राहिली. ती म्हणते, तू रजा टाकायची नाहीस, रडायला माणसं इथे पुष्कळ आहेत, शिमग्याला ये. ती म्हणते, ऑपरेशनसाठी आत नेताना डॉक्टरीणबाईंनी भीती वाटते का विचारलं, तेव्हा हो म्हटलं, आणि बाईंनी हात धरला, तो सोडलाच नाही.

आता माझं. सगळं नीट झालंय. पट्टी उद्या काढतील. पोरी, मला तिला सांगायचा धीर झाला नाही, तू सांगितलंस. बरं केलंस.
बाबा


॥ आई एकविरा प्रसन्न ॥
वेसावे कोळीवाडा, अंधेरी
ता. २ जानेवारी २०२६

चि. कल्पिता हिस,
आजीचे आशीर्वाद, आणि ह्या वेळी ते रंगीत आहेत.

पट्टी काढून दवाखान्याबाहेर आले आणि आधी धर्माचा शर्ट दिसला. निळा! त्याला विचारलं नवीन घेतलास काय, तर म्हणे आई, दिवाळीपासून हाच घालतोय. बंदरावर आपली होडी बघून तिथेच उभी राहिले. मला वाटायचं तिचा रंग उडाला. घरी आले तर भिंती अशा कळकट की लाज वाटली, कुणी बोललं कसं नाही? आरशात बघितलं, ते बघितलं नसतं तरी चाललं असतं. आणि तुझे आजोबा किती म्हातारे झालेत गो! त्यांना तसं म्हटलं तर म्हणतात, तू पण काही नवीन छापलेली नाहीस.

डॉक्टरीणबाईंसाठी सुके बोंबील बांधून नेले. त्या शाकाहारी निघाल्या. तरी दोन्ही हातांनी घेतले आणि ड्रायव्हरला दिले. देव त्यांचे हात असेच स्थिर ठेवो. दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. आता मी कुणाचं ऐकत नाही, मीच तारीख मागून घेतली.

सोमवारी पाटावर बसले. धर्मानेच पाटी उचलून आणून दिली. ती सात बंगल्याची बाई दिसली तर हाक मारून बोलावली आणि कल्ले उघडून दाखवले. लाल म्हणजे कसा लाल, जास्वंदीसारखा! ती म्हणाली आज भांडणार नाही का? मी म्हटलं, आज दिसतंय.

दुपारी पुस्तक उघडलं. निळा निळाच आहे, हिरवा हिरवा आहे, आणि दिवेवाल्याचा रेनकोट तर हळदीसारखा. शुभाला सांगितलं की तुझं बरोबर होतं. ती इतकी घाबरली की परत दवाखान्यात जाऊया म्हणाली.

मग तू ठेवलेलं शोधलं. पहिल्या जगाचं बंदर, मागे कोपऱ्यात नखाएवढी एक कोळीण, पोपटी लुगडं, डोक्यावर पाटी. म्हटलं असेल कुणी. राजाचं बंदर आलं, सगळे मान खाली घालून उभे, आणि ती पोपटी लुगड्याची तिथेही, मान वर! दिवेवाल्याच्या बंदरातही तीच. मी पुस्तक डोळ्याजवळ नेलं. डाव्या हातात हिरवा चुडा. उजवा हात मोकळा.

पोरी, मला वाचताच येईना. शुभाने पुस्तक घेतलं आणि ती पण बघत बसली.

भास्करचं सगळं बदललंस. एकात आई गेली, एकात राहिली, एकाला वीज दिलीस, एकाला नाही. पण माझा उजवा हात तिन्ही जगांत मोकळाच ठेवलास. म्हणजे तिन्ही जगांत मी चुडा दिला, आणि तिन्ही जगांत तुझे आजोबा पाण्यावर गेले आणि परत आले. हे त्यांना ओट्यावर जाऊन दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले की पोरीने चित्रात होडीची दोरी चुकीची बांधलीय. मग जाळ्यात तोंड घालून बसले. आता मला डोळे पुसलेले दिसतात.

तक्रार एकच. तिन्ही जगांत मला डोक्यावर पाटी घेऊन उभीच ठेवलीस. पाय दुखतात गो. पुढच्या पुस्तकात एका तरी जगात माझा पाट काढ. शेजारी शुभालाही बसव, नाहीतर मला इथे बसू देणार नाही.

शिमग्याला ये. तुझा चेहरा नीट बघायचा राहिलाय.
तुझी आजी,
सरूबाई