डावा गुडघा

मंगळवार, संध्याकाळ. दीपनगर.

सकाळी नव्या संघाच्या मॅनेजरचा फोन आला. बोलणं जवळपास पक्कं झालं होतं, तेवढ्यात त्याने सहज विचारलं, "डावा गुडघा कसा आहे?"

डावाच का? बारा वर्षांत नऊ संघांकडून बास्केटबॉल खेळलो, पण या दुखण्याबद्दल कुठेच बोललो नाही. सूज पाहिली ती फक्त बायकोने, सुनंदाने, आणि संघातल्या संदीपने. धुळ्याच्या स्पर्धेत तो आणि मी एकाच खोलीत होतो. त्यालाही याच संघात जायचंय. म्हणजे त्यानेच सांगितलं असणार.

दुपारी न राहवून त्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, मला तर त्यांनी आधीच नकार दिलाय. तुझं नाव मीच सुचवलं." माझा विश्वास बसला नाही. जरा तोडूनच बोललो.

चहाच्या वेळी सुनंदाजवळ संदीपला शिव्या घातल्या. ती शांतपणे म्हणाली, "त्या मॅनेजरना मी सांगितलं. काल तुम्ही सरावाला गेल्यावर फोन आला होता. डावा गुडघा सुजतो, पण खेळतात, म्हटलं. ते म्हणाले, चालेल, आम्हाला अनुभवी माणूस हवाय."

चालेल म्हणाले? मग सकाळी पुन्हा कशाला विचारलं?

"तुम्ही काय सांगितलं?" तिने विचारलं.

"ठणठणीत आहे म्हणालो."