पुलाखालची पंगत

मुक्काम दिंद्रुडजवळ, नदीच्या पात्रात (नदी नाही, पात्र आहे)

ती. सुग्रीव दाजी यांस,

शहादेवचा जयभीम. अक्काचा गुडघा कसा आहे? अंबाजोगाईच्या नळाला पाणी येतं का, की तुमच्या दवाखान्यातही औषध कोरडंच गिळायला सांगतात? इकडे सर्व खुशाल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे माझ्या तोंडाची चव गेली आहे आणि लांबून ट्रकचा आवाज आला तरी हातातला कप बशीवर वाजायला लागतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, नोकरी लागल्यापासून मी नुसत्या रस्त्याखालच्या मोऱ्या बांधल्या. राज्यमार्गावरचा हा माझा पहिला पूल. मंजूर झाला तेव्हा नदीला पाणी होतं. मी पाया खणायला घेतला आणि दुष्काळ पडला. (सायबाचा पायगुण, असं इथले लोक माझ्या तोंडावर म्हणतात.) आता स्लॅब टाकला की त्याच्यावर मातीचे वाफे करून कितीतरी दिवस पाणी भरून ठेवावं लागतं. सिमेंट पाणी पितं तेवढं पक्कं होतं. त्यासाठी टँकर यायचा. म्हणजे बघा दाजी, आसपासच्या गावांत उघडं पाणी तेवढंच, आणि तेही पुलाच्या डोक्यावर. खाली नदीत धुरळा आणि वर तळं. पहिल्याच दिवशी सर्जेरावांच्या म्हशी पुलावर चढल्या. (सर्जेराव म्हणजे इथल्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, त्यांच्या म्हशीला हाकलायचं म्हणजे माझीच बदली.) म्हशींमागून शेळ्या आल्या आणि शेळ्यांमागून हंडा घेऊन कडूबाई आली. ही खडी फोडणाऱ्या बायांची म्होरकी. मी म्हटलं, बाई, हे सिमेंटचं पाणी, पिऊ नका. ती म्हणाली, मंग टँकरातलं द्या. दिलं. दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी हंडे घेऊन उभी. (आपल्या आज्याला याच भागात लांबून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. आज तीच गावं माझ्यापुढं भांडं धरून उभी, आणि मी त्यांना सिमेंटचं शास्त्र सांगू? जीभ वळली नाही.) तेव्हापासून आधी हंडे भरायचे, उरलेलं वाफ्यात जायचं, आणि वाफ्यातलं म्हशी प्यायच्या. स्लॅबला नेमकं किती मिळालं ते म्हशींनाच विचारायला पाहिजे.

एवढ्यावर भागलं असतं. पण चेअरमनसाहेबांच्या ओट्यावर चहा घेताना माझ्या तोंडून निघून गेलं की जुन्या काळी पहिलं ओझं पुलावरून जाताना बांधणारा इंजिनियर खाली उभा राहायचा. साहेब एकदम खूश. म्हणाले, मग आपण काहून मागं राहायचं? ऊस नसल्यामुळे कारखान्याचे ट्रक रिकामेच उभे आहेत, त्यांत काठोकाठ दगडांचं डबर भरायचं ठरलं. वर ट्रकांची रांग, खाली मी. आणि सगळ्या शिवारात सावली म्हणून पुलाखालीच उरली आहे, तेव्हा गावजेवणाची पंगतही त्याच वेळी तिथंच. येत्या रविवारी. मला रोज दिसतं, की लोकांनी भाकरी मोडली आणि वरून पूल आला. मला लई भीती वाटते दाजी, आणि हे इथं कुणाला सांगता येत नाही.

अक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
शहादेव

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शनिवारी मला तार करा, 'अक्का अत्यवस्थ, ताबडतोब निघा.' तुम्ही दवाखान्यातले, तुमच्या तारेवर कुणी शंका घेणार नाही. अक्काला मात्र कळू देऊ नका, ती अंथरुणातून उठून मला मारायला येईल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायला आमच्या सौ. पारूकडे दिलं, तिनं आधी वाचलं. उठली आणि सरळ कडूबाईकडे गेली. थोड्या वेळानं अख्खी टोळी दारात. कडूबाई म्हणाली, "सायेब, पानी आमी पिलो. मंग पुलाखाली आमी न्हाई बसायचं तर कोन बसायचं? तुमी भिऊ नगा, तुमी वाढायला थांबा." तिथून ती चेअरमनसाहेबांकडे गेली आणि म्हशी तुमच्या, तवा तुमचं ताट मधोमध, असं सांगून आली. तासाभरात साहेबांचा निरोप आला, ट्रकांत डबर थोडं कमी भरलं तर चालेल का. मी म्हटलं, नाही, एक दगड कमी होणार नाही. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. पण कडूबाई खाली बसणार आणि वरून साहेबांसाठी हलका केलेला ट्रक जाणार, हे मला बघवलं नसतं.

तार करू नका. अक्काला घेऊन रविवारी या. येताना भरलेली कळशी आणा, पंगतीला पाणी ज्याचं त्यानं आणायचं आहे. मी वाढणार नाही, बसणार आहे. चेअरमनसाहेबांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तुमचं पान धरून ठेवलं आहे. हात अजून थरथरतो, म्हणून पाकिटावरचा पत्ता पारूनं लिहिला आहे.