उंबऱ्यापुढचा चोथा

२ जून
ग्वांगझोऊत पोचले एकदाची! माक काकूंच्या कडू औषधी चहाच्या दुकानात नोकरी, वर पोटमाळ्यावर खोली. आनंदाच्या भरात आत शिरताना उंबऱ्यापुढे टाकलेल्या चहाच्या ओल्या चोथ्यात पाय पडला. काकू खोकत खोकत हसल्या, खाली बसून माझे बूट स्वतः पुसले. किती मायाळू बाई! धाकट्या बहिणीला, कियूला लगेच पत्र टाकलं, तेराला, रविवारी ये म्हणून.

५ जून
पाळंमुळं मंद आचेवर उकळायला शिकले. घसा बसलेलं गिऱ्हाईक वाडगाभर चहा डोळे मिटून ढोसतं, तोंड वाकडं करतं, वर खारवलेलं आलुबुखार चघळतं. मजा वाटते. काकूंचा जुनाट खोकला पार थांबलाय. आज त्या बाजारात गेल्या, तर समोरचे चपला शिवणारे फान आजोबा बघतच राहिले. म्हणाले, ही बया इतक्या वर्षांनी बाहेर पडली? मग माझ्या बुटांकडे पाहून मान खाली घालून चप्पल शिवू लागले.

८ जून
घसा धरलाय. चहा पिते, पण कडू लागत नाही, गोड लागतो. गोड लागला म्हणजे दुखणं मुरलंय, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. फान आजोबा चिडलेच. म्हणाले, चोथा टाकणाऱ्याचं दुखणं तुडवणाऱ्याला लागतं, आईनं शिकवलं नाही? अख्खी गल्ली वळसा घालते आणि तू त्यात नाचलीस! आईही चोथा रस्त्यात टाकायची. आम्ही हसायचो.

१० जून
काकू ट्रंक घेऊन निघून गेल्या. मागे धावले— उंबऱ्याशी पाय थिजले. उचलतच नाहीत. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. फार भीती वाटते.

१२ जून
आवाज गेला. चोथा बादलीनं बाहेर फेकला. पोस्टमन ढांग टाकून पलीकडे गेला. माझी मलाच लाज वाटते. तरी उद्याही फेकणार— मला सुटायचंय.

१३ जून
सकाळीच फेकला. मग आठवलं— आज रविवार. कियू!
झाडू पोचत नाही. पाणी ओतलं, आणखीच पसरला. आजोबांचं दुकान बंद.
ती आली— गल्लीच्या तोंडाशी. मी हात हलवून नको नको म्हणतेय. तिला वाटतंय, बोलावतेय. धावत सुटली. ह्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते—

कियू, थांब! त्या चोथ्यात पाय

घसा मोकळा— माझा घसा मोक