थोड्या दिवसांचा कप्पा

सावेडी,
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुश्रुत,

अनेक आशीर्वाद. इकडे थंडी ओसरली. दुपारी गॅलरीत उन्हाला बसलं, की आई शेजारी वाटाणे सोलतेय असं वाटत राहतं. ती नाही, हे आठवायची मला घाई नसते.

"ताई, तुझं नेमकं काम काय गं?" असं विचारून तू उत्तराला जांभई देतोस. आज ऐक. एसएसडीवरची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या साठवणीच्या ड्राइव्हवरची, एकेक फाईल सुटी पुसता येत नाही, अख्खा कप्पा पुसावा लागतो. त्यात काही हवं असलेलं असेल, तर ते आधी उचलून दुसरीकडे न्यायचं. या उचलाउचलीत ड्राइव्ह झिजतो. म्हणून एकदम नकोशा होणाऱ्या गोष्टी एकाच कप्प्यात ठेवायच्या. कुठली गोष्ट किती दिवसांची, हे ऑपरेटिंग सिस्टीमने ड्राइव्हला कसं सांगायचं, ते मी ठरवते. आई फ्रिजमध्ये कोथिंबीर, दही, कालची भाजी असं लवकर संपवायचं सगळं एका कप्प्यात ठेवायची, तसंच.

बरं, किती टाळू? आईचं हॉस्पिटलातलं रेकॉर्डिंग तू तीनदा मागितलंस. "तिने माझं नाव घेतलं का, एवढंच ऐकायचंय," म्हणालास. मी "शोधते" म्हणत राहिले. तू हॉस्पिटलात आला नाहीस, म्हणून मी ते अडवून धरलंय असं तुला वाटतं. राग होता, खोटं कशाला बोलू? पण रेकॉर्डिंग नाहीच रे.

फोन भरला म्हणून मी ते कामाच्या ड्राइव्हवर टाकलं आणि माझ्याच हाताने त्याला खूण केली: थोड्या दिवसांचं. आई आठवड्यात घरी येईल, मग हा हॉस्पिटलातला आवाज कोणाला हवाय, असं वाटलं होतं. तेराव्यानंतर कामाला बसले, चाचणी लावली. कप्पा क्षणात साफ झाला. माझी रचना अगदी बरोबर चालली.

त्यात काय होतं, ते सांगते. ग्लानीत आई राजूरला, तिच्या नोकरीच्या पहिल्या शाळेत पोचली होती. हजेरी घेत होती. "कारभारी... कडूबाई... ज्ञानेश्वर..." प्रत्येक नावानंतर थांबायची, चादरीवर बोटाने खूण करायची. मग म्हणाली, "सुश्रुत." बोट तसंच थांबलं. "सुश्रुत? आत्ता तर दारात होता."

मी म्हणाले, "हजर, बाई."

तिने खूण केली आणि शांत झोपली.

घरी ये. वाटाणे सोलायला माणूस हवंय.

तुझी हजेरी लावलेली,
मैत्रेयीताई